नागपूर ते डिब्रुगढ विमानाने: अंतर किती, वेळ किती, आणि तिकीट काढायच्या आधी काय बघायचं

आधी सरळ उत्तर देऊन टाकतो, कारण बरेच जण तेवढ्यासाठीच शोधत असतात. नागपूर विमानतळ (सोनेगाव) ते आसामातलं डिब्रुगढ विमानतळ (मोहनबारी) सरळ हवाई अंतर साधारण १,७६६ किलोमीटर. एखादं जेट मधे न थांबता गेलं तर पावणेतीन तासात नेऊन सोडेल. पण असं सरळ विमान मिळत नाही, मधे कुठेतरी बदलावंच लागतं, आणि म्हणून घराला कुलूप लावल्यापासून तिकडे चहा हातात येईपर्यंत चांगल्या दिवशीसुद्धा नऊ-दहा तास धरा. कनेक्शन नीट नसेल तर दुसरा दिवस उजाडतो.

आमच्या घरचं माणूस तिकडे दुलियाजानला तेल कंपनीत नोकरीला आहे, त्यामुळे हा रूट पाठ झालाय, आणि दर दोन महिन्यांनी कोणीतरी फोन करून तेच प्रश्न विचारतं. विदर्भातली बरीच पोरं फौजेत, सीआरपीएफमध्ये, तेल कंपन्यांत तिकडे आहेत, आईवडील पहिल्यांदाच विमानात बसणार असतात, म्हणून जरा सविस्तर लिहून राहिलो. नागपूरच्या जागी अमरावती-चंद्रपूरवाले आणि डिब्रुगढच्या जागी जोरहाट किंवा दिमापूरवाले पण हीच पद्धत वापरू शकतात.

१. दोन्ही टोकं नक्की करा, शहर नाही, विमानतळ

नेटवर "नागपूर डिब्रुगढ डिस्टन्स" टाकलं की तीन-चार वेगवेगळे आकडे येतात. कारण कोणी शहराच्या मध्यापासून मोजतं, कोणी विमानतळापासून, आणि कोणी चक्क रस्त्याचं अंतर देऊन मोकळं होतं. विमानासाठी विमानतळ ते विमानतळच धरायचं.

तीन अक्षरी कोड लिहून ठेवा: नागपूर एनएजी, कोलकाता सीसीयू, दिल्ली डीईएल, गुवाहाटी जीएयू, डिब्रुगढ डीआयबी. हे कोड का सांगतो, तर "डी" वरून सुरू होणारी बरीच गावं आहेत. डीएमयू म्हणजे दिमापूर, डीबीआर म्हणजे दरभंगा. मोबाईलवर घाईत पहिली दोन अक्षरं टाकून जी यादी येते त्यात अंगठा एक ओळ खाली पडला की तिकीट नागालँडचं. तेव्हा पैसे भरायच्या आधी कोड मोठ्याने वाचा.

२. सरळ रेषेचं अंतर काढा

दोन सोपे मार्ग आहेत. गुगल मॅपवर नागपूर विमानतळावर बोट दाबून धरा, खाली "अंतर मोजा" येतं, मग नकाशा सरकवत मोहनबारीपर्यंत न्या. नाहीतर ग्रेट सर्कल मॅपर नावाची साइट आहे, तिथे दोन कोड टाकले की रेषा आणि आकडा दोन्ही मिळतात. ज्यांना स्वतः गणित करायचंय त्यांच्यासाठी, नागपूर साधारण २१.०९ उत्तर, ७९.०५ पूर्व आणि मोहनबारी २७.४८ उत्तर, ९५.०२ पूर्व, हॅवरसाइनचं सूत्र (गोलावरच्या दोन ठिकाणांमधलं अंतर काढायचं) लावा, पृथ्वीची त्रिज्या ६,३७१ किलोमीटर धरा.

पृथ्वी गोल असल्यामुळे सगळ्यात जवळचा रस्ता नकाशावर किंचित वर फुगलेला दिसतो. आपल्या रूटवर तो फुगवटा फार नाही. ही रेषा छत्तीसगडवरून निघते, मध्यावर झारखंडात देवघरच्या आसपास येते (तेच वैद्यनाथाचं देवघर, ज्याच्यावरून परळीकरांशी जुना वाद आहे), मग बांगलादेशचा रंगपूरकडचा कोपरा कापून आसामात शिरते. म्हणजे मोजलेलं अंतर खरं असलं तरी प्रत्यक्ष विमान त्याच रेषेवरून जाईल असं नाही. विमानं ठरलेल्या हवाई मार्गाने जातात, ढग चुकवतात, उतरायच्या आधी वळसा घेतात. पाच-दहा टक्के जास्त धरून चाला.

३. अंतरावरून वेळ काढा

इथे बहुतेकांचं गणित फसतं. विमान ताशी ८३० च्या आसपास उडतं म्हणून १,७६६ भागिले ८३० केलं आणि दोन तास आठ मिनिटं आले, असं होत नाही. धावपट्टीपर्यंत रांगत जाणं, वर चढणं, खाली उतरणं, परत गेटपर्यंत रांगणं, हे सगळं तिकिटावरच्या वेळेत धरलेलं असतं, कारण वेळापत्रक गेट ते गेट असतं. आणि कंपन्या त्यात थोडी हवा पण भरून ठेवतात, उशीर दिसू नये म्हणून.

माझा ठोकताळा असा आहे: जेटसाठी अंतर भागिले ८००, वर ३५ मिनिटं. पंख्याच्या एटीआर विमानासाठी अंतर भागिले ४८०, वर अर्धा तास. आता हे आपल्या टप्प्यांना लावून बघा:

- नागपूर–कोलकाता, ९८५ किमी: साधारण १ तास ५० मिनिटं
- कोलकाता–डिब्रुगढ, ८५२ किमी: साधारण १ तास ४० मिनिटं
- नागपूर–दिल्ली, ८५४ किमी: साधारण १ तास ४० मिनिटं
- दिल्ली–डिब्रुगढ, १,७६१ किमी: साधारण २ तास ४५ मिनिटं
- गुवाहाटी–डिब्रुगढ, ३७३ किमी: जेटने तासभर, एटीआरने सव्वा तास

तिकिटाच्या साइटवरच्या वेळा याच्या दहा-पंधरा मिनिटं इकडेतिकडे दिसतील. त्याहून फार जास्त दिसल्या तर मधे एखादा लपलेला थांबा आहे का बघा. "वन स्टॉप" असं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, विमान बदलायचं नसतं पण मधल्या गावी अर्धा-पाऊण तास बसून राहायचं असतं.

४. मधे कुठे बदलायचं

वरच्या यादीतली एक गोष्ट परत वाचा. दिल्ली–डिब्रुगढ १,७६१, आणि नागपूर–डिब्रुगढ १,७६६. म्हणजे दिल्लीला जाऊन तुम्ही डिब्रुगढच्या जवळ एक पाऊलही जात नाही, ८५४ किलोमीटर उडून परत तेवढ्याच अंतरावर उभे राहता. दिल्लीमार्गे एकूण २,६१५ किमी, कोलकातामार्गे १,८३७. कोलकात्याचा वळसा फक्त ७१ किलोमीटरचा आहे, तो रस्ता जवळपास सरळच म्हणायचा.

मग लोक दिल्लीमार्गे का जातात? कारण नागपूर–दिल्ली विमानं भरपूर आहेत, कोलकात्याची कमी. कोलकात्याचं विमान संध्याकाळचं असेल तर तिकडे पोचेपर्यंत डिब्रुगढचं शेवटचं निघून गेलेलं असतं, डिब्रुगढची उड्डाणं मुख्यतः दिवसाचीच. अशा वेळी दिल्लीचा लांबचा रस्ता घड्याळाने लवकर पोचवतो. हवेत फरक जेमतेम तासाभराचा, मधल्या थांब्यात मात्र चार-चार, आठ-आठ तासांचा. म्हणून किलोमीटर बघून खूश होऊ नका, "टोटल ड्युरेशन" बघा.

सर्च इंजिन कधीकधी मुंबईमार्गे पण दाखवतं. नागपूरहून आधी ६८० किलोमीटर पश्चिमेला जायचं आणि मग अख्खा देश ओलांडायचा. फारच स्वस्त असेल आणि वेळ असेल तर ठीक, पण म्हाताऱ्या माणसांना अशा तिकिटावर पाठवू नका.

गुवाहाटीपर्यंत विमान आणि पुढे रात्रीची ट्रेन किंवा बस, हा पण पर्याय आहे. रात्रभराचा प्रवास वाढतो, पण सुट्ट्यांमध्ये डिब्रुगढचं भाडं आभाळाला टेकलेलं असतं तेव्हा बरेच फौजी असंच जातात.

गंमत बघा, एके काळी देशाची हवाई टपाल सेवा नागपूरवरून फिरायची. १९४९ साली रात्रीची सेवा सुरू झाली, दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रासची विमानं मध्यरात्री सोनेगावला जमायची, आपापसात थैल्या बदलायची आणि उजाडायच्या आत आपापल्या गावी परत. पत्राला तेव्हा जे कनेक्शन मिळायचं ते आपल्याला आज मिळत नाही. असो.

५. वेळापत्रक कोणत्या सीझनचं आहे ते बघा

भारतात विमानांचं वेळापत्रक वर्षातून दोनदा बदलतं, मार्चच्या शेवटच्या रविवारपासून उन्हाळी आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपासून हिवाळी. मागच्या दिवाळीला शेजारी ज्या विमानाने गेले ते मे महिन्यात असेलच असं नाही, असलं तरी वेळ वेगळी. काही विमानं रोज नसतात, आठवड्यातून तीन-चार दिवसच असतात. तारीख एक-दोन दिवस पुढेमागे करून बघा, कधीकधी बारा तासांचा थांबा अडीच तासांवर येतो.

६. एकच पीएनआर, ही गोष्ट सोडू नका

दोन तुकड्यांत तिकीट काढलं की हजार-दीड हजार वाचतात असं दिसतं आणि माणूस मोहात पडतो. एकाच पीएनआरवर दोन्ही विमानं असतील तर पहिल्याला उशीर झाल्यावर पुढची सोय लावणं कंपनीच्या डोक्यावर असतं. वेगवेगळी तिकिटं असतील तर दुसऱ्या विमानासाठी तुम्ही फक्त "आलेच नाहीत" असे प्रवासी. तिकीट गेलं, त्यातले कर आणि विमानतळाचे चार्जेस तेवढे परत मागता येतात, बाकी पाण्यात.

बॅगेचंही तेच. एक पीएनआर असेल तर नागपूरला दिलेली बॅग थेट डिब्रुगढला निघते. काउंटरवर बॅगेच्या हँडलला तो लांब पांढरा पट्टा चिकटवतात ना, तो बेल्टवर सरकायच्या आधी वाचा. सगळ्यात मोठ्या अक्षरात डीआयबी असायला पाहिजे, आणि त्याच्याजवळ छोट्या अक्षरात सीसीयू. नुसतं सीसीयू असेल तर तिथल्या तिथे विचारा, "बॅग थ्रू चेक-इन आहे का?" तुमच्या हातात दिलेल्या बारक्या स्टिकरवर पण तोच नंबर असतो, बोर्डिंग पासच्या मागे चिकटवतात, तो फाडून फेकू नका, बॅग हरवली तर तोच पुरावा.

वेगळी तिकिटं असतील तर कोलकात्याला बाहेर या, पट्ट्यावरून बॅग घ्या, वर जाऊन परत चेक-इन करा, परत सिक्युरिटी.

७. मधे किती वेळ ठेवायचा

एक पीएनआर असेल आणि कोलकात्याला बदलायचं असेल तर दोन-अडीच तास पुरतात. तिथलं देशांतर्गत सगळं एकाच टर्मिनलमध्ये आहे. वेगळी तिकिटं असतील तर चार तासांच्या खाली उतरू नका.

दिल्लीत पहिलं काम म्हणजे टर्मिनल नंबर बघणं. टी१, टी२, टी३ असे तीन आहेत, आणि टी१ बाकी दोघांपासून काही किलोमीटर लांब, रस्त्याने शटल बसने जायचं. तुम्ही टी१ ला उतरला आणि पुढचं विमान टी३ वरून, तर तीन तास पण कमी वाटतात. तिकिटावर टर्मिनल छापलेलं असतं, पण कंपन्या बदलतात, म्हणून आदल्या दिवशी परत बघा.

मग हवामान. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीचं धुकं सगळ्यांना माहिती आहे, सकाळचं कनेक्शन टाळाच. कोलकात्याला पण हिवाळ्यात पहाटे धुकं असतं. एप्रिल-मेमध्ये तिकडे दुपारनंतर कालबैसाखीची वादळं येतात, विमानं वर घिरट्या घालत बसतात, त्या महिन्यांत दुपारच्या आत कोलकाता सोडता आलं तर उत्तम. जून ते सप्टेंबर आसामचा पाऊस, त्यावर इलाज नाही.

उशीर झालाच तर आपला हक्क माहिती पाहिजे. अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला दोन तासांहून जास्त उशीर झाला तर डीजीसीएच्या (विमान वाहतुकीवर नजर ठेवणारं सरकारी खातं) नियमाप्रमाणे कंपनीने खायला-प्यायला द्यायचं असतं. सहा तासांहून जास्त असेल तर दुसरं विमान किंवा पूर्ण पैसे परत. स्वतःहून कोणी देत नाही, काउंटरवर जाऊन मागावं लागतं.

रात्र काढावीच लागली तर कोलकात्याला विमानतळाजवळ कैखाली, चिनार पार्क या भागात साधी हॉटेलं मिळतात. गावात हावड्याकडे जाऊ नका, सकाळी ट्रॅफिकमध्ये अडकाल.

८. घड्याळ एकच, पण सूर्य वेगळा

हे कोणी सांगत नाही. डिब्रुगढ आपल्यापेक्षा जवळपास १६ अंश पूर्वेला आहे, म्हणजे सूर्य तासभर आधी उगवतो आणि तासभर आधी मावळतो. डिसेंबरमध्ये तिकडे सव्वाचारला सूर्यास्त. आपण नागपुरात त्या वेळी दुपारची झोप काढून उठत असतो. "चारला उतरतो, उजेडातच पोचू" हा हिशोब तिकडे चुकतो, साडेपाचला मिट्ट काळोख.

शिवाय चहाच्या मळ्यांत "बागान टाइम" चालतो, भारतीय वेळेच्या एक तास पुढे. मळ्यातल्या कोणी "सकाळी सातला गाडी पाठवतो" म्हटलं तर विचारून घ्या, कुठल्या घड्याळाचे सात. विमानाच्या वेळा मात्र सगळ्या भारतीय वेळेनेच.

९. कागदपत्रं आणि सामान

- तिकिटाचा प्रिंट किंवा मोबाईलमध्ये सेव्ह केलेली पीडीएफ (नेट लागेलच याची खात्री नाही)
- फोटो असलेलं ओळखपत्र: आधार, मतदार कार्ड, लायसन्स किंवा पासपोर्ट. तिकिटावरचं नाव त्याच्याशी जुळलं पाहिजे
- दोन वर्षांखालच्या बाळाचा जन्मदाखला
- पुढे अरुणाचलात जाणार असाल (पासीघाट, रोइंग, तेजू, नामसाई) तर इनर लाइन परमिट, ऑनलाइन आधीच काढा. फक्त आसामात राहणार असाल तर गरज नाही
- औषधं आणि डॉक्टरची चिठ्ठी, हातातल्या बॅगेत

इकॉनॉमीत साधारण १५ किलो चेक-इन आणि ७ किलो हातात. आपल्याकडून माणूस निघाला म्हणजे संत्री, संत्रा बर्फी, सावजी मसाला, लोणचं, शेवया असा अख्खा संसार निघतो. मसाला आणि तिखट हातातल्या बॅगेत ठेवू नका, सिक्युरिटीला काढून टाकायला लावतात, चेक-इनमध्ये टाका. सुकं खोबरं चेक-इन बॅगेत चालत नाही, त्यात तेल असल्यामुळे ते पेट घेणाऱ्या वस्तूंमध्ये धरतात. पॉवर बँक उलट, ती फक्त हातातल्या बॅगेत. बर्फी हातात न्यायला काही अडचण नाही.

१०. निघायच्या दिवशी, नागपुरात

चेक-इन काउंटर साधारण तासभर आधी बंद होतं आणि गेट २५ मिनिटं आधी. दोन तास आधी पोचा. वर्धा रोडवरचा डबल डेकर पूल झाल्यापासून छत्रपती चौकाची कटकट बरीच कमी झाली. सामान कमी असेल तर सीताबर्डीहून ऑरेंज लाइन मेट्रो पण चालते, फक्त एअरपोर्ट स्टेशन वर्धा रोडवर आहे आणि टर्मिनल आत, मधला तुकडा ऑटोने करावा लागतो. पहाटेच्या विमानाला मेट्रोच्या भरवशावर राहू नका.

आता एकूण हिशोब मांडा: घरून विमानतळ पाऊण तास, तिथे दोन तास, कोलकात्यापर्यंत १ तास ५० मिनिटं, थांबा अडीच तास, पुढे १ तास ४० मिनिटं, बॅग यायला अर्धा तास, गावात जायला चाळीस मिनिटं. झाले जवळपास दहा तास, आणि त्यातले हवेत साडेतीनच. आमच्या काकू दर वेळी म्हणतात, "काऊन रे, विमानानं जाऊन राहिला तरी अख्खा दिवस कसा लागते?" त्यांना हाच तक्ता दाखवतो.

११. खिडकी आणि मोहनबारी

कोलकाता–डिब्रुगढ टप्प्यात डावीकडची खिडकी घ्या. सरळ रेषा बांगलादेशवरून, चेरापुंजीच्या जवळून जाते, आणि आभाळ स्वच्छ असेल तर हिवाळ्यात डावीकडे लांबवर हिमालयाची बर्फाची ओळ दिसते, नंतर ब्रह्मपुत्रेचे फाटे. उतरल्यावर मात्र मोबाईल खिशात, तिथे वायुसेनेचा तळ आहे, धावपट्टीवर फोटो काढू नका.

विमानतळ डिब्रुगढ गावापासून साधारण १५ किलोमीटर, तिनसुकियाच्या दिशेला. म्हणजे तिनसुकियाला जाणाऱ्यांनी आधी डिब्रुगढ गावात जाण्याचं काही कारण नाही. दुलियाजानला सव्वा-दीड तास धरा. टॅक्सीचं भाडं बसायच्या आधी ठरवा. नदीपलीकडे धेमाजी किंवा पासीघाटकडे जाणाऱ्यांना २०१८ साली सुरू झालेला बोगीबील पूल आहे, जवळपास पाच किलोमीटरचा, पूर्वी फेरीत जायचा तो अर्धा दिवस वाचला.

१२. परत येताना

येतानाची वेळ जातानाएवढी धरू नका. हिवाळ्यात वर उंचावर पश्चिमेकडून जोराचं वारं वाहतं, जाताना ते पाठीवर असतं, येताना छातीवर. दिल्लीमार्गे येणाऱ्यांना हे जास्त जाणवतं, डिब्रुगढ–दिल्ली तीन तासांच्या पुढे सरकतं. कोलकातामार्गे फरक थोडा, पण असतो. म्हणजे जाताना दोन तासांचा थांबा पुरला म्हणून येताना पण तेवढाच ठेवला तर धावपळ होईल, अर्धा तास जास्त घ्या. आणि रात्री उशिरा नागपूरला उतरणार असाल तर घरच्यांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर कॅब ॲपवर गाडी मिळेपर्यंत बाहेर उभं राहावं लागतं.